यीस्ट आधी की बेडूक आधी?

वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र ही दोन स्वतंत्र दप्तरे एकत्र बांधून जीवशास्त्राचा एकच प्रवेशपाठ सिद्ध करावा, ही कल्पना आज कितीही स्वाभाविक वाटली, तरी तिला रूढ स्वरूप देण्याचे श्रेय बव्हंशी लंडनच्या टॉमस हेन्री हक्स्ली यांजकडे जाते. १८७० नंतरच्या दशकात साउथ केन्सिंग्टन येथे शाळामास्तरांसाठी त्यांनी जे वर्ग चालविले, त्यांचा दंडक असा की, व्याख्यानात जे ऐकले ते प्रयोगशाळेत स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहावे, आणि तेही शेकडो जातींची जंत्री पाठ करून नव्हे, तर यीस्ट, अमीबा, नेचे, घेवड्यासारखे शेंगेचे झाड, शिंपला, बेडूक अशा मोजक्या प्रातिनिधिक सजीवांच्या द्वारे.

एच. एन. मार्टिन यांच्या साहाय्याने १८७५ साली प्रसिद्ध झालेल्या हक्स्ली यांच्या पुस्तकात या सजीवांचा क्रम साध्याकडून जटिलाकडे, म्हणजे तर्कदृष्ट्या निर्दोष होता. परंतु १८८८ च्या सुधारित आवृत्तीत तो उलटा फिरवून आरंभी बेडूक आणून बसविला गेला. कारण उघड आहे: यीस्टची पेशी रचनेने सोपी खरी, पण सूक्ष्मदर्शकाला सरावलेल्या नजरेलाच; नवख्या विद्यार्थ्याला मात्र हृदय, यकृत, आतडी ही नावे आधीच ठाऊक असतात, आणि बेडकाच्या पोटात ती नुसत्या डोळ्यांना दिसतात. माझा कौल, बेडकाच्या नशिबी आलेली कापाकापी क्षणभर बाजूला ठेवली तर, या दुसऱ्या क्रमालाच आहे.