पणजीचे माहेर

पुरुषाच्या सात पिढ्या घडाघडा सांगणारे आपल्याकडे उदंड आहेत. बाईचा माग काढू लागलात की दुसऱ्या पिढीतच वाट बुजते. लग्नात आडनाव बदलते, पुष्कळदा नावही बदलते, कुलदैवतसुद्धा सासरचे होते. मग शोधायचे कुणाला?

हे दुखणे एकट्या आपलेच नाही. अमेरिकेत १८५० पूर्वीच्या खानेसुमारीत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत; बायकापोरे म्हणजे वयाच्या रकान्यातले नुसते आकडे! मुंबईस १८२७ साली आलेल्या सिंथिया फरारबाईंचा ठावठिकाणा मात्र नीट लागतो. न्यू हॅम्पशायरमधल्या मार्लबरो गावी १७९५ साली जन्म, १८३९ पासून नगरास वास्तव्य, तिथेच १८६२ साली मृत्यू. त्यांच्या मुलींच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांना पुण्यात शाळा काढायची उमेद आली. बाई थोर होत्याच; पण त्यांचा माग लागायला आणखी एक कारण आहे. त्यांनी लग्न केले नाही. जन्माचे नाव मरेपर्यंत टिकले.

आमच्या पणजीचे तसे नव्हते. १८९६-९७ च्या दुष्काळात दहा-अकरा वर्षांची पोर आटपाडीस दिली, आणि त्यानंतर ती माहेरी कधी गेली नाही. कुणी विचारले तर म्हणायची, "माझं माहेर दुष्काळानं नेलं." एवढेच. माझी आत्या तिच्या हाताखाली वाढली. आत्याने आता नव्वदी गाठली आहे, आणि दोन वर्षांपूर्वी तिने मला बोलावून सांगितले, "आजीच्या माहेरी एकदा चोळी-बांगडी पोचव, म्हणजे मी मोकळी."

माहेर कुठले? "म्हसवडाकडचं," आत्या म्हणाली. म्हसवडाकडे गावे काय थोडी आहेत!

आधी सरकारी दप्तर पाहिले. आटपाडी १९४८ पर्यंत औंध संस्थानात, मग सातारा जिल्ह्यात, १९४९ पासून दक्षिण साताऱ्यात आणि १९६० पासून सांगलीत. गाव जागचे हलले नाही, पण कागदांनी बरीच पायपीट केली. मोडी वाचणारे एक गृहस्थ गाठले. जन्ममृत्यूच्या नोंदींत बापाचे नाव ठसठशीत, पुढे "मुलगी". पोरीचे बारसे व्हायच्या आत नोंद झालेली. नंतर कोण येतो नाव सांगायला?

वाट सापडली ती नाशकात. आपण श्राद्धाला बसतो तेव्हा बापाकडच्या तीन पिढ्यांबरोबर मातामहांचीही नावे घेतो, म्हणजे आईचा बाप, आजा आणि पणजा. इतर वेळी बाईचे माहेर विसरणारी आपली रीत इथे मात्र ते मागून घेते. पणजीच्या अस्थी घेऊन माझे आजोबा गोदावरीवर गेले होते. आमच्या तीर्थोपाध्यायांच्या घरी लाल फडक्यात बांधलेल्या जाडजूड वह्या. गावाचे नाव सांगितले, उपाध्यायांनी अर्ध्या तासात पान काढले. आजोबांच्या नावाखाली मातामहाचे नाव, आडनाव आणि गाव!

त्या गावात त्या आडनावाचे एकही घर उरले नव्हते. एका म्हाताऱ्याने सांगितले, "त्यांच्या हेळव्याला विचारा." कुळांचा इतिहास तोंडपाठ ठेवणारे हे हेळवी कर्नाटकातून येतात. पूर्वी बैलावर बसून येत, आता काहींच्या गाड्या झाल्या आहेत. दारात उभे राहून घराण्याच्या पिढ्या म्हणतात, नवी नावे वहीत भरतात आणि धान्य किंवा पैसे घेऊन पुढच्या गावाला जातात. कुळ दुष्काळात परागंदा झाले तरी त्याचा हेळवी ते हुडकून काढतो. त्याची रोजीरोटीच त्यावर. माणदेशातून किती घरे अशी उठली याचा हिशेब त्यांच्याइतका कुणापाशी नसेल.

हेळवी भेटायला आठ महिने लागले. कुळ कृष्णाकाठी गेले होते, ऊस लावून बरे स्थिरावले होते. त्याने माझ्यापुढेच वही उघडली. पणजीच्या बापाखाली तीन मुलगे, तिघांचे वंश खाली पसरलेले, आणि कडेला बारीक अक्षरात: "मुलगी १, आटपाडीस दिली."

मी त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिलो. नाव नव्हते. पण ती दिली होती, आणि कुठे दिली हे सव्वाशे वर्षे कुणीतरी राखून ठेवले होते.

गेल्या माघात चोळी-बांगडी घेऊन गेलो. घरची माणसे आधी बिचकली. सध्या जुन्या नोंदी काढत हिंडणारे लोक पुष्कळ. हाही जमिनीत वाटा मागायला आला की काय, असे त्यांना वाटले असावे. खणाची घडी पाहिल्यावर घरातली थोरली सून पुढे झाली आणि तिने ती कपाळाला लावली. मग आत्याला फोन लावून दिला. दोघी कधी भेटलेल्या नाहीत, पण पाऊण तास बोलत होत्या.

पणजीला माहेरी काय म्हणत हे आत्याला ठाऊक होते. जात्यावर बसल्यावर ती स्वतःच सांगायची. सुनेने ते कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले. हेळवी सुगीनंतर येणार आहे.