इंग्रजींतील 'द' : उपपद कीं संकेत ?

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची वही उघडावी, तर तींत दोन प्रकारचे दोष आढळतात. जेथें 'द' हवें तेथें तें नसतें. आणि नको तेथें तें धाकानें पेरलेलें असतें. दोहोंचें मूळ एकच. 'द' हा नामाचा अलंकार आहे, अशी विद्यार्थ्याची समजूत झालेली असते. वस्तुतः तो बोलणाऱ्यानें ऐकणाऱ्यास दिलेला संकेत आहे : "कोणती वस्तु, हें तुम्हांस ठाऊक आहे."

मराठींत असें उपपद नाहीं. पण ही जाणीव आहे. गृहिणी "दार लाव" म्हणते तेव्हां कोणतें दार, हें मुलगा विचारीत नाहीं. इंग्रज अशा दारापूर्वीं 'द' घालतो. "एक राजा होता" असा गोष्टीचा आरंभ होतो. पुढें "तो राजा" येतो. इंग्रजींत पहिल्या ठिकाणीं 'ए', दुसऱ्या ठिकाणीं 'द'. "आंबे गोड असतात" येथें सर्व आंबे अभिप्रेत असल्यामुळें 'द' नको. "पाटींतले आंबे गोड आहेत" येथें तें हवें.

हें साम्य निव्वळ योगायोगाचें नव्हे. प्राचीन इंग्रजींत 'द'च्या जागीं लिंगभेदानुसार 'से', 'सेओ', 'थॅट' अशीं दर्शक रूपें होतीं. संस्कृतांतील 'सः', 'सा', 'तत्' हीं त्यांचीं भावंडें; आपलीं 'तो, ती, तें' त्याच कुळांतलीं.

एवढेंसें हें अक्षर, पण त्यावांचून अनर्थ होऊं शकतो. 'इन प्रिझन' म्हणजे मनुष्य कैदेंत आहे. 'इन द प्रिझन' म्हटल्यास केवळ त्या इमारतीचा बोध होतो, मग तो कैद्यांस शिकविण्यास गेलेला सज्जन कां असेना! पत्रांत 'द' गाळलें कीं त्याच्या घरीं रडारड व्हावयाची.

विशेषनाम स्वतःच वस्तु दाखवितें, म्हणून 'लंडन'ला 'द' नाहीं. नद्या व पर्वतरांगा मात्र अपवाद : 'द थेम्स', 'द आल्प्स'. युक्रेनलाही पूर्वीं 'द' लावीत, जणूं तो एखाद्या राज्याचा प्रांतच. १९९१ सालीं तो देश स्वतंत्र झाला. त्यानंतर तें 'द' तेथील लोकांस अवमानकारक वाटूं लागलें, आणि आतां जबाबदार इंग्रजी लेखक तें गाळतात.

असे रूढ प्रयोग वाचनानेंच अंगवळणीं पडतात. इतरत्र लिहितांना नामाशीं क्षणभर थांबावें, आणि "कोणता ?" या प्रश्नाचें उत्तर वाचणाऱ्याजवळ आहे काय, हें पाहावें. असल्यास 'द' घालावें. नसल्यास लेखणी आवरावी.