स्पॅनिश क्रियापदे, नियमित

स्पॅनिश क्रियापदे, नियमित : मूळ धातूत बदल न होता ठराविक प्रत्ययमालेनुसार पुरुष, वचन, काळ व अर्थ यांप्रमाणे चालणारी स्पॅनिश भाषेतील क्रियापदे. स्पॅनिश ही लॅटिनपासून उद्भवलेली रोमान्स भाषा असून तिच्या क्रियापदाच्या अंत्य प्रत्ययावरूनच बहुधा कर्त्याचा बोध होतो. ‘आब्लो’ या एकाच शब्दाचा अर्थ ‘मी बोलतो’ किंवा ‘मी बोलते’ असा होतो. सर्वनाम सहसा वगळले जाते. मराठीप्रमाणे ही रूपे लिंगानुसार बदलत नाहीत. तसेच ‘त्याने आंबा खाल्ला’, ‘त्याने पोळी खाल्ली’ यांसारखा कर्माशी मेळ तेथे नसतो. क्रियापद कर्त्याच्याच पुरुषवचनांना अनुसरते.

वर्गीकरण : कोशातील मूळ रूपाच्या शेवटावरून क्रियापदांचे तीन वर्ग पडतात : ‘-आर’ (आब्लार = बोलणे), ‘-एर’ (कोमेर = खाणे) व ‘-इर’ (बिबिर = राहणे, जगणे). लॅटिनमधील चार वर्गांचे स्पॅनिशमध्ये तीनच उरले. आंतोन्यो दे नेब्रिहा याच्या १४९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅस्टिलियन व्याकरणातही हेच तीन वर्ग आहेत. पहिला वर्ग सर्वांत मोठा असून नवी क्रियापदे प्रायः त्यातच भरती होतात, उदा., ‘तेलेफोनो’ (दूरध्वनी) यावरून ‘तेलेफोनेआर’.

वर्तमानकाळ : मूळ रूपाचा शेवट काढून उरलेल्या धातूस प्रत्यय लागतात. एकवचनी व अनेकवचनी तिन्ही पुरुषांची रूपे क्रमाने अशी : आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. दुसऱ्या वर्गात ‘आ’ च्या जागी ‘ए’ येतो : कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. तिसरा वर्ग दुसऱ्याप्रमाणेच चालतो. फक्त अनेकवचनाच्या प्रथम व द्वितीय पुरुषी बिबिमोस, बिबिस अशी रूपे होतात.

भूतकाळ : पूर्ण झालेली क्रिया व चालू किंवा नित्याची क्रिया यांसाठी दोन स्वतंत्र रूपमाला आहेत. पहिलीत आब्ले, आब्लास्ते, आब्लो. आब्लामोस, आब्लास्तेइस, आब्लारोन अशी रूपे येतात. यांतील तृतीय पुरुषी ‘आब्लो’ चा उच्चार अंत्य स्वरावर आघात देऊन करतात. हाच आघात आद्य स्वरावर पडल्यास ‘तो बोलला’ चे ‘मी बोलतो’ होते; म्हणून लेखनात आघातचिन्ह अनिवार्य ठरते. ‘आब्लामोस’ हे रूप मात्र दोन्ही काळांत समान असल्याने काळ संदर्भावरून ठरवावा लागतो. दुसऱ्या व तिसऱ्या वर्गांचे पूर्णभूताचे प्रत्यय एकच आहेत : कोमी, कोमिस्ते, कोमिओ, कोमिमोस, कोमिस्तेइस, कोमिएरोन.

अपूर्णभूताची रूपे आब्लाबा (बोलत असे, बोलत होतो), कोमीआ, बिबीआ अशी होतात. यात प्रथम व तृतीय पुरुषांचे एकवचन सारखेच असल्याने संदिग्धता टाळण्यासाठी सर्वनाम वापरतात. ‘क्वान्दो येगो हुआन, यो कोमीआ’ (हुआन आला, तेव्हा मी जेवत होतो) या वाक्यात ‘येगो’ हे पूर्णभूत, तर ‘कोमीआ’ हे अपूर्णभूत आहे. तेथे ‘कोमी’ योजल्यास हुआन आल्यावर मी जेवलो, असा निराळा अर्थ होतो.

भविष्यकाळ : येथे प्रत्यय धातूस न लागता संपूर्ण मूळ रूपास लागतात व तिन्ही वर्गांत समान असतात : आब्लारे, आब्लारास, आब्लारा, आब्लारेमोस, आब्लारेइस, आब्लारान. हे प्रत्यय म्हणजे मुळात ‘आबेर’ (लॅटिन ‘हाबेरे’, जवळ असणे) या साहाय्यक क्रियापदाची वर्तमानकाळी रूपे होत. जुन्या स्पॅनिशमध्ये मूळ रूप व हा प्रत्यय यांच्यामध्ये सर्वनाम घालता येत असे, यावरून ही घडण स्पष्ट होते. मूळ रूपासच ‘-ईआ’ मालेचे प्रत्यय लावून संकेतार्थ साधतात (आब्लारीआ = बोललो असतो, बोलेन).

प्रादेशिक भेद : वर दिलेली द्वितीय पुरुषी अनेकवचनी रूपे मुख्यतः स्पेनमध्ये प्रचलित आहेत. लॅटिन अमेरिकेत त्यांऐवजी ‘उस्तेदेस’ या सर्वनामासह तृतीय पुरुषी अनेकवचन योजतात. आदरार्थी ‘उस्तेद’ बरोबरही तृतीय पुरुषी एकवचनच येते. अर्जेंटिनात ‘तू’ ऐवजी ‘बोस’ हे सर्वनाम रूढ असून त्याची वर्तमानकाळी रूपे आब्लास, कोमेस, बिबिस अशी अंत्याघाती असतात.

नियमित रूपांचे महत्त्व अनियमित क्रियापदांच्या बाबतीतही टिकून राहते. अपूर्णभूतात सेर (असणे), इर (जाणे) व बेर (पाहणे) ही तीनच क्रियापदे अनियमित आहेत. भविष्यकाळात ‘तेनेर’ (जवळ असणे) पासून ‘तेन्द्रे’ असे रूप होताना अंग बदलते, पण प्रत्यय नियमितच राहतो.