ताण ओळखणारी हृदयातली पेशी

लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, हे घरातले पुढे विसरून जातात. पंचविशी-तिशीत जिना चढताना धाप लागू लागते. बायकांना हा त्रास पुष्कळदा गरोदरपणातच पहिल्यांदा जाणवतो. तपासणीत हृदयाची मायट्रल झडप अरुंद झालेली निघते. रक्त पुढे सरकत नाही, त्यामुळे डाव्या बाजूचा वरचा कप्पा ताणला जाऊन मोठा होतो. काही वर्षांत नाडीचा ताल सुटतो. यालाच एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. कप्प्यात गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, तर पक्षाघात ठरलेला.

पण कप्पा ताणला गेला म्हणून त्यातली वीज का बिघडावी? स्नायुपेशींनाही ताण जाणवतो, हे खरे. उत्तराचा दुसरा भाग मात्र फायब्रोब्लास्ट या पेशींकडे जातो. या पेशी स्वतः आकुंचन पावत नाहीत. कोलॅजेनचे धागे तयार करून स्नायूंना आधार द्यायचा, जखम झाली की ती बुजवायची, हे त्यांचे काम. थोडक्यात, गवंडी. विजेशी त्यांचा काही संबंध असेल असे फार काळ कोणाला वाटले नाही.

पीटर कोल, आंद्रे कामकिन, इरिना किसेलेवा आणि डेनिस नोबल यांनी १९९४ मध्ये उंदराच्या हृदयातील या पेशींवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्नायुपेशी विश्रांतीत असताना तिच्या आवरणावरचा विद्युतदाब साधारण उणे ८० मिलिव्होल्ट असतो. फायब्रोब्लास्टचा उणे २०च्या आसपास. आजूबाजूचा स्नायू आकसला की फायब्रोब्लास्ट दाबली जाते, तिच्या आवरणातील सूक्ष्म दारे उघडतात, सोडियम आत शिरते आणि दाब शून्याकडे सरकतो. ती ताणली गेली की दारे मिटतात आणि दाब आणखी उणे होतो. म्हणजे प्रत्येक ठोक्याबरोबर या मुक्या पेशीतही एक संथ लाट उठते. गॅडोलिनियम दिले की ही लाट मावळते. (एमआरआयच्या इंजेक्शनात ज्याची संयुगे वापरतात, तोच हा धातू.)

हार्ट अटॅकनंतर चित्र बदलते. अटॅक घडवून आणलेल्या उंदरांत या पेशी ताणाला कितीतरी अधिक संवेदनशील झालेल्या आढळल्या. २०१६ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. विद्युतदाब बदलला की प्रकाश बदलणारे प्रथिन उंदरांच्या हृदयातील स्नायूंव्यतिरिक्तच्या पेशींत बसवण्यात आले. व्रणाच्या कडेला याच पेशींत स्नायूसारख्या विद्युतलहरी उमटल्या! व्रण म्हणजे निर्जीव ठिगळ, ही समजूत त्यामुळे सोडावी लागते.

माणसाच्या हृदयात ताल बिघडण्यात या पेशींचा वाटा किती, यावर वाद आहे. कोलॅजेनचे जाड थरही विजेची वाट अडवतातच. या पेशींच्या दारांवर नेमके काम करणारे औषध आज दवाखान्यात नाही. ताण कमी करणे मात्र हातात आहे: रक्तदाब आटोक्यात ठेवणे, योग्य रुग्णात फुग्याने झडप रुंद करणे. सांधे सुजून ताप आलेल्या मुलाला तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन बरीच वर्षे घ्यावे लागते. मूल खेळू-बागडू लागले की ‘आता सुई कशाला’ म्हणून बरेच पालक ते मध्येच सोडून देतात.