वाट पाहण्यात तास जातात कुठे?



वाडीवरच्या कोणाला तातडीने इस्पितळात न्यावे लागले की अख्खा दिवस, कधी रात्रही तिथेच जाते, हे आम्ही आपल्याला वेळोवेळी कळवत आलो आहोत. त्यावर काहींनी विचारले आहे, "सरकारी दवाखान्यात आता पैसे पडत नाहीत, १०८ला फोन केला की गाडी येते, मग एवढा वेळ जातो कशात? तिथली माणसे लक्ष देत नाहीत का?" प्रश्न रास्त आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार मोफत झाले, हे खरेच. त्याने खिशाचा भार हलका झाला. वेळेचा मात्र झालेला मला दिसत नाही. मी मंडणगड-खेड भागातल्या कातकरी वाड्यांवर आरोग्याचे काम करते, त्यामुळे अपघात विभागाच्या बाकड्यावर बसण्याचा सराव आहे. या खेपेला एकच उदाहरण घेऊन हे तास कुठे जातात ते सांगते. उदाहरण फुरशाचे.

फुरसे हा लहानसा साप. जांभ्याच्या सड्यावर, दगडाखाली, पाचोळ्यात असतो आणि रंगही असा की पाय पडेपर्यंत दिसत नाही. आपल्या जिल्ह्याची याच्याशी ओळख जुनी आहे. इंग्रजी अमलात सरकार मारलेल्या सापामागे बक्षीस देई. १८६२ साली ते बक्षीस वाढवले, तेव्हा डिसेंबरातल्या अवघ्या आठ दिवसांत १ लाख १५ हजारांवर साप लोकांनी आणून दिले, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. फुरसी त्याने संपली नाहीत, हे सांगायला नको. आजही ती चावतात ती गवत कापणाऱ्याला, मोळी आणणारीला, दगड उलथून खेकडे शोधणाऱ्या पोराला. म्हणजे बहुधा आमच्याच वाडीतल्या कोणाला तरी.

पहिले तास जातात ते रस्त्यात. वाडीवरून डांबरी रस्त्यापर्यंत झोळी करून आणायचे. फोनला रेंज मिळेल अशा टेपावर कोणीतरी धावायचे. १०८ची सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली तेव्हा साऱ्या राज्यासाठी ९३७ गाड्या होत्या. २०११च्या जनगणनेप्रमाणे राज्याची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख, म्हणजे सुमारे १ लाख २० हजार माणसांमागे एक गाडी. जवळची गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली असेल तर ती परत येईपर्यंत थांबणे आले. चालकाला शिव्या देऊन ती लवकर येत नाही.

पुढे प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, मग कळंबणी किंवा दापोलीसारखे उपजिल्हा रुग्णालय, शेवटी रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय. हा जिल्हा उत्तर-दक्षिण सुमारे १८० किलोमीटर लांब. मंडणगड एका टोकाला, रत्नागिरी पार खाली. प्रत्येक पायरीवर नवा केसपेपर, नवी तपासणी, आणि "पुढे न्या" म्हटले की नव्याने गाडीची वाट. अडीअडचणीत माणूस चार ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ खातो तो हाच प्रकार.

केंद्रातून पुढे का पाठवतात? पुष्कळदा कारण असे असते की सर्पविषावरच्या लशीची काहींना जोरदार ॲलर्जी येते. अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, रक्तदाब घसरतो. त्यावरचे इंजेक्शन हाताशी आणि डॉक्टर रुग्णाजवळ हवा. रात्री एकट्या डॉक्टरला ही जोखीम घ्यायची भीती वाटते. भीती समजते, पण तिची किंमत रुग्ण मोजतो.

आता अपघात विभागात काय होते ते पाहू. तिथे आलेल्या क्रमाने घेत नाहीत, आणि घेऊही नये. ज्याचा जीव आत्ता जाईल तो आधी. महामार्गावरचा अपघात, झटके येणारे मूल, अडलेली बाळंतीण यांच्यापुढे चालत आलेला, बोलणारा माणूस मागे राहतो. हा नियम योग्यच आहे, पण फुरशापुढे तो फसतो. नाग आणि मण्यार यांचे विष नसांवर काम करते, पापण्या मिटू लागतात, श्वास अडतो, आणि ते कोणालाही दिसते. फुरशाचे विष रक्तावर काम करते. पाय सुजतो, दुखतो, पण माणूस शुद्धीवर असतो, पाणी मागतो, तंबाखूसुद्धा मागतो. आत मात्र रक्त गोठवणारे घटक संपत चाललेले असतात. हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त, क्वचित मेंदूत रक्तस्राव हे पुढच्या तासांत, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उघड होते. त्यात आमची माणसे जमिनीवर अंग चोरून बसतात. "कसं वाटतंय?" विचारले तर "बरं हाय," म्हणतात. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात तळ्याकाठी अडतीस वर्षांचा जो आजारी मनुष्य आहे, त्याचे गाऱ्हाणे काय होते आठवा. तळे समोर होते, आत सोडायला माणूस नव्हता.

एक तपासणी आहे, तिला यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही. रुग्णाच्या शिरेतून थोडे रक्त काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत घ्यायचे आणि वीस मिनिटे नळी अजिबात हलवायची नाही. मग हळूच तिरकी करायची. रक्त गोठले असेल तर ठीक. पाण्यासारखे वाहिले तर विष रक्तात भिनले आहे, लस चढवायची. नळी प्लॅस्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेली काचेचीही चालत नाही, निकाल चुकतो. आणि एकदा गोठले म्हणून सुटका नाही. पहिल्या काही तासांत पुन्हा पुन्हा पाहायचे आणि रुग्णाला किमान चोवीस तास नजरेखाली ठेवायचे. लस दिल्यावरही सहा तासांनी परत तीच परीक्षा, कारण शरीराला ते घटक नव्याने तयार करायला तेवढा अवधी लागतो.

म्हणजे बाकड्यावरचे सगळे तास एकसारखे नसतात. गाडी नाही, डॉक्टर दुसरीकडे, लस दुसऱ्या रुग्णालयात, हे वाया गेलेले तास. नळी उभी करून ठेवलेली वीस मिनिटे आणि पुढचे सहा तास हे उपचाराचे. नातेवाइकांना हा फरक कोणी सांगत नाही. त्यांना एवढेच दिसते की कोणी काही करत नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते, रुग्णालयाचे नाव घेत नाही. वाडीतल्या एका बाईला सांजेच्या वेळी बोटाला फुरसे चावले. आम्ही रात्री नऊच्या सुमारास पोहोचलो. ड्युटीवर डॉक्टर एकच, आणि ते बाळंतपणात अडकलेले. हात कोपरापर्यंत सुजला होता आणि बांगड्या रुतल्या होत्या. त्या सिस्टरने कापून काढल्या आणि नळी लावली. रक्त गोठले नाही. डॉक्टर आले, दहा कुप्या लस सलाईनमधून गेली. पहाटे सूज थोडी उतरल्यासारखी वाटली आणि तिचा दीर म्हणाला, "ताई, वहिनी बरी हाय आता. नेतो घरी. पोरं एकटी हायेत, माझा रोज बुडतोय." तो हट्टी नव्हता, हिशेबी होता. रोज बुडाला तर संध्याकाळी चूल पेटत नाही. मी त्याला नळी दाखवली, दुसरी नळी भरेपर्यंत थांब म्हटले. पोरांच्या जेवणाची सोय वाडीवर फोन करून केली. सकाळच्या नळीतले रक्तही वाहिले. पुन्हा लस द्यावी लागली. तिसऱ्या नळीत गोठले. त्या पहाटे ती घरी गेली असती तर चालत गेली असती, आणि कोणालाही शंका आली नसती.

अशी माणसे सांगून न सांगून निघून जातात, आणि कागदावर "सल्ल्याविरुद्ध घरी नेले" एवढेच उरते.

मोठे रुग्णालय जवळ आले की सगळे सुटेल असे आपल्याला वाटते. रत्नागिरीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याचा उपयोग होईलच. पण कोकणाने एक वेगळा दाखलाही पाहिला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६च्या सुमारास महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, तिथे दगावत. रात्र रात्र रुग्णाशेजारी बसून त्यांनी लक्षणे टिपली, १९८२ साली ती लॅन्सेट या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे प्रॅझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यावर लागू पडते, हे त्यांनी दाखवले. शेकडा तीस-चाळीस मृत्यूंचे प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती गोळी कुठल्याही केंद्रात ठेवता येते, आणि जिथे ती वेळेवर दिली जाते तिथे पुढचा बराच प्रवास वाचतो. पहिल्या पायरीवर धीर असलेला डॉक्टर, लस आणि काचेची नळी असेल तर फुरशाबाबतही तसेच घडते.

आणखी एक अडचण आहे. रत्नागिरी जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येत नाही आणि आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय रायगडात, पेणला आहे. कातकरी ही राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, पण इथे विखुरलेली. आदिवासीबहुल भागांसाठीच्या आरोग्याच्या जादा सोयी अशा विखुरलेल्या वाडीपर्यंत येता येता पातळ होतात.

आपल्या देणगीतून आम्ही लस घेत नाही, ती सरकारने पुरवायची आहे आणि आम्ही ती मागत राहतो. आपला पैसा जातो जीपच्या डिझेलवर, रुग्णासोबत राहणाऱ्याच्या दोन दिवसांच्या जेवणावर आणि बुडालेल्या रोजावर. प्रत्येक रुग्णाबरोबर आमचा एक माणूस जातो. साप कधी चावला, कुठे चावला, सूज किती वाजता कुठवर होती, हे तो वहीत लिहून डॉक्टरांपुढे ठेवतो. दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, बांगड्या-जोडवी लगेच काढावीत, हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, हे वाड्यांवर आता बरेच रुजले आहे. भगताशी आम्ही भांडत नाही. त्यालाही जीपमध्ये बसवतो, मंत्र वाटेत म्हण म्हणतो. वेळ वाचतो.

या मेअखेरपर्यंत विजेऱ्या आणि गमबूट वाड्यांवर पोहोचायला हवेत. पहिल्या पावसानंतर गवत वाढले की उपयोग निम्मा. ज्यांना वस्तुरूपाने मदत करायची आहे त्यांनी गमबूट मोठ्या मापाचे पाठवू नयेत, मागच्या वेळचे बरेच तसेच पडून आहेत. बायकांना पाच आणि सहा नंबर लागतात.