नव्या गाण्यांना जुनं कव्हर

मागच्या व्याख्यानानंतर एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं, चित्रपटाच्या अल्बमचं चित्र 'रेट्रो' करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? प्रश्न डिझाइनचा वाटतो. आम्हाला तो आमच्याच विषयातला वाटला, म्हणून आज तोच घेऊ.

समजा, कथा 1949 सालची आहे. 'बरसात' त्याच वर्षीचा. डिझायनर बारा इंची चौकोन घेतो, नायक-नायिका रंगवतो, जुनी एलपी तयार! पण त्या वर्षी गाणी निघत होती 78च्या लाखेच्या तबकड्यांवर. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. पाकीट साधं, कंपनीचं, मधे गोल भोक. चित्रपट कुठलाही असो, पाकीट तेच. एलपी अमेरिकेतच 1948 मध्ये आली. राज कपूरच्या एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्यावर रेललेली नर्गिस, ते चित्र होतं पोस्टरवर. म्हणजे आपण ज्याला जुनं म्हणतोय ते तेव्हा नव्हतंच.

बरं, 1975 घ्या. 'शोले'च्या गाण्यांची एलपी पॉलिडोरनं काढली, संवादांचीही काढली. हॉटेलाहॉटेलांत संवाद वाजायचे. अशी कव्हरं दुकानात यायची ती कोरी, भडक, चकचकीत. कोपरे मळले ते आपल्या हातांनी; पुठ्ठ्यावर तबकडीचा गोल वळ उमटला तो वर्षानुवर्षं कपाटात दाबून ठेवल्यानं. आज तो वळ संगणकावर पहिल्याच दिवशी उमटतो. वापर झालेलाच नाही, आणि झीज मात्र हजर!

न्यायदर्शन सांगतं, स्मृती संस्कारातून होते आणि संस्कार पूर्वीच्या अनुभवातून. 'तोच हा देवदत्त' असं ओळखायला देवदत्त आधी पाहिलेला लागतो. वीस वर्षांच्या मुलानं तबकडी हातात धरलेली नसते, तरी तो वळ पाहून त्याला गलबलून येतं. ते खोटं म्हणणार नाही आम्ही. पण ती आठवण नव्हे; दुसऱ्या चित्रांवरून झालेला परिचय आहे तो. म्हणून अशा मुलापुढे काय ठेवायचं, याची जबाबदारी वाढते. त्याच्याकडे ताडून पाहायला दुसरं काही नाही.

आणि इथे एक गोष्ट आम्हाला खटकते. त्या काळच्या अनेक हिंदी पोस्टरांवर चित्रपटाचं नाव तीन लिप्यांत असायचं: देवनागरी, उर्दू, रोमन. आपल्या शहरात सिटी चौकातून चालत गेलात तर तिन्ही अजून पाट्यांवर भेटतात. नव्या रेट्रो कव्हरांवर ओरखडे येतात, पिवळेपणा येतो, छपाईचे ठिपकेसुद्धा येतात. उर्दू गळते. कुणी मुद्दाम गाळलं असेल असं नाही; कातिबाकडून लिहून घ्यायला वेळ लागतो, खर्च होतो. पण पाहणाऱ्या मुलाला वाटतं, तेव्हाही नसेलच.

पुढच्या रविवारी येताना अशी चार-पाच कव्हरं फोनमध्ये घेऊन या. एकेक उघडून बघू.