जोडले आहे, पण ऐकू येत नाही

समजा, कामरगावातील एका शाळेत तुमच्या वर्गात एक मुलगी आहे. तिला डोळ्यांनी दिसत नाही. ती ऐकून अभ्यास करते. शिक्षिकांनी तिच्यासाठी मराठीचे धडे आणि कठीण शब्द आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित केले आहेत. हे ध्वनिमुद्रण एका जुन्या, तळहातावर मावणाऱ्या संगणकात ठेवले आहे. शहरातल्या कोणा नातेवाइकाने नवा फोन घेतला आणि हा संगणक शाळेला देऊन टाकला. सोबत ब्लूटूथचा हेडसेट, म्हणजे बिनतारी कर्णयंत्रही दिले. मुलगी हेडसेट कानाला लावते. निळा दिवा लुकलुकतो. पडद्यावर ‘जोडले आहे’ अशी अक्षरे उमटतात. पण कानात मात्र शुकशुकाट! परीक्षा आठ दिवसांवर आली आहे. दुकानदार म्हणतो, “जुना माल आहे, फेकून द्या.”

फेकण्याची घाई करू नका. यंत्र मुके झाले की त्यामागे कारण असते, आणि ते कारण बहुधा आपल्याला शोधता येते.

आधी हे ब्लूटूथ म्हणजे काय ते पाहू. या इंग्रजी शब्दाचा सरळ अर्थ ‘निळा दात’. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला. त्याला लोक याच टोपणनावाने ओळखत. त्याने विखुरलेल्या टोळ्यांना एकत्र आणले. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकत्र आणणाऱ्या तंत्राला त्याचे नाव मिळाले, ते यामुळेच. ब्लूटूथचे जे चिन्ह तुम्ही फोनवर पाहता, ते या राजाच्या नावातील दोन आद्याक्षरे प्राचीन लिपीत जोडून तयार केले आहे. तंत्राचे काम १९९४ मध्ये स्वीडनमधील एरिक्सन कंपनीत सुरू झाले. याप हार्टसेन हे अभियंते त्यात प्रमुख होते.

ब्लूटूथमध्ये आवाज तारेतून जात नाही. तो रेडिओलहरींवर बसून जातो. या लहरींची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे २४० कोटी असते. याच पट्ट्यात वाय-फाय चालते, मायक्रोवेव्हची भट्टीही चालते. भारतात कमी शक्तीच्या यंत्रांसाठी हा पट्टा २००५ च्या नियमांनी परवान्यातून मुक्त झाला. म्हणजे तेथे सगळ्यांचीच गर्दी! मग हेडसेटला आपला आवाज कसा सापडतो? बाजाराच्या दिवशी दोन मित्रांना गोंगाटात बोलायचे असेल, तर ते काय करतील? एका कोपऱ्यात गलका वाढला की दुसऱ्या कोपऱ्यात जातील. ब्लूटूथची दोन यंत्रे हेच करतात. त्यांच्याजवळ ७९ कोपरे असतात आणि कोणत्या क्रमाने जायचे हे आधीच ठरलेले असते. ती सेकंदाला १६०० वेळा जागा बदलतात.

आता आपल्या मुक्या यंत्राकडे वळू. दोष शोधताना एक नियम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार बटणे एकदम दाबली आणि आवाज आला, तर तो कशामुळे आला हे कळत नाही. आणि उद्या पुन्हा गेला, तर तुम्ही होता तेथेच असता.

प्रथम संगणकाला साधा, तारेचा इअरफोन लावा. त्यातून धडा ऐकू आला, तर ध्वनिमुद्रण ठीक आहे, ते वाजवणारा प्रोग्राम ठीक आहे. मग तोच हेडसेट एखाद्या फोनला जोडून पाहा. तेथे वाजला, तर हेडसेटही ठीक आहे. उरला तो दोघांमधील संबंध. पाहा, दोन साध्या परीक्षांनी शोधाचे क्षेत्र किती लहान झाले!

मात्र या दुसऱ्या परीक्षेत एक गंमत होते. हेडसेटला शेवटचा सोबती आठवतो. तुम्ही त्याला भाईजानच्या फोनशी जोडले, तर पुढच्या वेळी सुरू होताच तो मुकाट्याने भाईजानच्या फोनलाच जाऊन मिळतो. फोन शेजारच्या खोलीत असला तरी! तुम्ही इकडे संगणकाशी झगडत बसता. म्हणून परीक्षा झाली की त्या फोनचे ब्लूटूथ बंद करा.

आता नव्याने ओळख करून द्या. हेडसेटचे बटण दाबून धरा, दिवा झपाट्याने लुकलुकू लागेपर्यंत. संगणकावर हेडसेटचे नाव दिसले की ते निवडा. २००७ पूर्वीच्या तंत्राची यंत्रे येथे एक गुप्त आकडा मागतात. बहुतेक हेडसेटचा तो ०००० असतो. आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. २००५ पूर्वीच्या अनेक पॉकेट पीसी संगणकांची स्मृती विजेवर जगत असे. बॅटरी पूर्ण उतरली की आपण भरलेले प्रोग्राम आणि जमवलेल्या ओळखी, सारे पुसले जाई. अशा संगणकाची बॅटरी आता थकलेली असणार. गावात रात्रभर वीज नसली आणि संगणक तसाच राहिला, तर सकाळी तो हेडसेटला ओळखणार नाही. त्यात त्याचा दोष नाही. ध्वनिमुद्रणाची प्रत मात्र वेगळ्या मेमरी कार्डावर ठेवा.

इतके करूनही आवाज येत नसेल, तर आपण खऱ्या कारणाजवळ आलो. ते समजण्यासाठी आपण रेल्वेची मदत घेऊ.

कामरगाव हे कारंजा तालुक्यातील गाव. हा तालुका १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होता. त्या वर्षी वाशीम जिल्हा वेगळा झाला. कारंजाहून पूर्वी एक छोटी गाडी मूर्तिजापूरला जात असे. तिचे नाव शकुंतला. घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, ते हसून तिच्या वेगाच्या गोष्टी सांगतील. ती गाडी बंद झाली, पण तिच्या रुळांमधील अंतर लक्षात ठेवण्यासारखे आहे. ते होते ७६२ मिलिमीटर. मूर्तिजापूरहूनच मुंबई-हावडा हा मोठा लोहमार्गही जातो. त्याच्या रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. दोन्ही मार्ग एकाच गावात येत. पण एकीचा डबा दुसरीच्या रुळावर चढू शकत नसे. उतारूंनी उतरावे, गाठोडी काढावी आणि दुसऱ्या गाडीत बसावे, हाच उपाय.

ब्लूटूथमध्येही असेच दोन मार्ग आहेत. एक अरुंद, बोलण्यासाठी. दुसरा रुंद, गाणी आणि ध्वनिमुद्रणे ऐकण्यासाठी. अरुंद मार्ग पहिल्यापासून होता. रुंद मार्गाचे नियम २००३ मध्ये ठरले. त्याला ए-टू-डी-पी असे म्हणतात. आपला संगणक त्यापूर्वीचा असेल, तर त्याला रुंद मार्ग ठाऊकच नाही! तो हेडसेटशी जोडला जातो हे खरे, पण केवळ बोलण्याच्या मार्गाने. धडा वाजवणारा प्रोग्राम आपला आवाज त्या मार्गाकडे पाठवतच नाही. म्हणून पडद्यावर ‘जोडले आहे’ आणि कानात शांतता. संगणक खोटे बोलत नाही. तो अर्धेच सांगतो.

संगणक थोडा नंतरचा असेल, तर हेडसेटच्या नावाखाली दोन चौकटी दिसतील. एक ‘हँड्सफ्री’ची, दुसरी ‘वायरलेस स्टिरिओ’ची. दुसऱ्या चौकटीत खूण करा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते.

काही जण जुन्या संगणकात लहानसा प्रोग्राम घालून सगळा आवाज अरुंद मार्गाने वळवतात. आवाज येतो, पण कसा? त्या मार्गावरून सेकंदाला ६४,००० बिट जातात, आणि साधारण ४००० हर्ट्‌झच्या वरचे ध्वनी गळून पडतात. ‘स’ आणि ‘फ’ यांची ओळख पटवणारा बराचसा भाग नेमका त्याच्या वर असतो. टेलिफोनवर नाव सांगताना ‘सोलापूरचा स’ असे का म्हणावे लागते, ते आता कळले ना? तुमच्या उर्दूतील ‘सीन’ आणि ‘फे’ यांचीही तीच गत. गप्पांना हे चालते. शुद्धलेखनाचे शब्द ऐकून शिकणाऱ्या मुलीला ते चालणार नाही. माझ्या मते अभ्यासासाठी हा उपाय करूच नये.

रुंद मार्ग असला तरी सारे सुरळीत होते असे नाही. गाण्याच्या तबकडीवरील आवाज जसाच्या तसा पाठवायचा, तर सेकंदाला १४,११,२०० बिट लागतात. जुन्या ब्लूटूथची सारी धाव दहा लाखांच्या आत. म्हणून आवाज आधी दाबून लहान करावा लागतो, जसा कापूस दाबून त्याची गाठ बांधतात. हे काम संगणकाच्या मेंदूला करावे लागते. जुना मेंदू हळू चालतो. त्यामुळे आवाज तुटक येतो, अडखळतो. अशा वेळी इतर प्रोग्राम बंद करा. वाय-फाय बंद करा. पट्टाही मोकळा होतो आणि मेंदूचा भारही हलका होतो. संगणक डाव्या खिशात आणि हेडसेट उजव्या कानाला, असे ठेवू नका. आपल्या शरीरात पाणी पुष्कळ असते आणि ते या लहरी शोषून घेते. ही यंत्रे साधारण १० मीटरपर्यंत पोचतात खरी, पण मध्ये भिंत किंवा माणूस नसेल तेव्हा.

आणि संगणकाला रुंद मार्ग मुळीच नसेल तर? मग मूर्तिजापूरच्या उतारूंप्रमाणे गाडी बदला. काडेपेटीएवढा एक ब्लूटूथ प्रेषक मिळतो. तो संगणकाच्या इअरफोनच्या छिद्रात बसवायचा आणि हेडसेट त्याला जोडायचा. छिद्राचे माप मात्र आधी पाहा; ते ३.५ मिलिमीटरचे असते किंवा २.५ चे. आवाज दाबण्याचे कामही हा प्रेषकच करतो, त्यामुळे संगणकाचे वय आड येत नाही. तेही जमले नाही, तर तारेचा इअरफोन आहेच. तारेत ‘स’ गळत नाही आणि भाईजानचा फोन मध्ये येत नाही.

एवढे झाल्यावर धडा ऐकू येऊ लागेल. तरी एक बारीक दोष उरतो, आणि आपल्या मुलीसाठी तोच सर्वांत वाईट आहे. काही वेळ आवाज आला नाही, तर हेडसेट शक्ती वाचवण्यासाठी डुलकी घेतो. पुढचा शब्द आला की तो जागा होतो. पण जागे होण्यात अर्धाएक सेकंद जातो आणि तेवढ्यात शब्दाचा आरंभ निसटतो. गाणे असेल तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. शब्दांची यादी असेल तर? शिक्षिकांनी म्हटले ‘नामंजूर’, मुलीने ऐकले ‘मंजूर’. त्यांनी म्हटले ‘अयोग्य’, हिने लिहिले ‘योग्य’. मराठीत आणि उर्दूतही नकार कितीतरी वेळा शब्दाच्या अगदी तोंडाशी बसलेला असतो. तेवढाच गेला की अर्थ उलटा होतो. शिवाय मुलीला संशयही येत नाही; कारण उरलेला शब्द पूर्ण आणि बरोबर असतो.

येथे नुसती शांतता ठेवून उपयोग नाही, कारण शांततेतच हेडसेट झोपतो. ध्वनिमुद्रण करताना प्रत्येक शब्दाआधी दुसरे काही बोलावे. “ऐका, पुढचा शब्द ऐका,” असे म्हणावे, मध्ये न थांबता “नामंजूर” म्हणावे. मग कापले गेलेच, तर पहिले ‘ऐका’ कापले जाईल.